शनिवारचं बटण

पीट, म्हणजे माळावरची जळाऊ माती, काढायला दोन माणसं लागतात. एकानं काठावर उभं राहून लांब दांड्याचं पातं मातीत दाबायचं, दुसऱ्यानं खालच्या चरात उभं राहून ती काळी ओली वडी उचलून वर माळावर फेकायची. वडी वाळली की हिवाळाभर चुलीत जळते. डोलिना आणि मी पस्तीस वर्षांची जोडी. पातं तिचं, फेकणं माझं. मी एकसष्ट वर्षांची, ती सदुसष्ट, आणि दोघींच्या कमरा सारख्याच गेलेल्या.

त्या वर्षी मे महिन्यात उन्हाचे तीन दिवस लागोपाठ मिळाले. अर्धा चर झाला असेल, तोच वरून वडी यायची थांबली. मी मान वर केली. डोलिना पात्यावर पाय ठेवून उभी होती आणि एप्रनच्या खिशातून एक पाकीट काढत होती.

"मर्डिना, हे वाच."

"तूच वाच की. माझे हात बघ कसे झालेत."

"मी चारदा वाचलंय. मला वाटतं मीच चुकीचं वाचतेय."

मी हात गवताला पुसले आणि कागद घेतला. जमीन कचेरीचं पत्र होतं. आपण आपलं घर आणि जमीन सोडत असल्याचा अर्ज मिळाला, आपण सुचवल्याप्रमाणे ताबा रॉडी याच्याकडे देण्यात येत आहे, हरकत असल्यास तीस जूनपर्यंत कळवावे. अर्जदाराचं नाव, डोलिना. रॉडी म्हणजे तोरमोदचा मुलगा, ॲबर्डीनला तेलाच्या कामावर असलेला. दोन वर्षांत त्यानं गावात पाय ठेवला नव्हता.

"तू सोडलीस जमीन?" मी विचारलं.

"मी कशाला सोडू? मी जाऊ कुठं, समुद्रात?"

तिनं पत्र परत घेतलं, नीट घडी घातली, खिशात ठेवलं आणि पातं उचललं. त्यानंतर त्या बाईनं जी माती कापली ती मला उचलता उचलता नाकी नऊ आले. मला कळलं की तिनं पात्याखाली कोणाला तरी धरलंय.

कोणाला, ते सांगायला नको होतं. आमच्या गावात कागद म्हटला की तोरमोद. तो कुरणाचा कारभारी, चर्चच्या वडीलमंडळींतला, आणि गावच्या पवनचक्क्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. शिवाय डोलिनाच्या नवऱ्याचा, फिनलेचा, सख्खा चुलतभाऊ. दरवर्षी कचेरीकडून प्रत्येकाला एक पाकीट येतं, त्यात एक गुप्त आकडा असतो. तो आकडा घालून जमिनीचा वार्षिक अर्ज भरायचा. पूर्वी तो कागदावर भरत असू. मग सगळं फोनवर आलं आणि निम्मा गाव आपापली पाकिटं न उघडता तोरमोदकडे देऊ लागला. डोलिनाही देत होती, फिनले अंथरुणाला खिळला तेव्हापासून चार वर्षं.

आणि तरी डोलिनाचं आणि तोरमोदचं पटत होतं असं नाही. मध्ये एक चादर होती.

फिनलेच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. रविवार होता. आमच्याकडे रविवारी कोणी कपडे वाळत घालत नाही, गाडी धूत नाही, मुलांच्या झोपाळ्यांनाही तोरमोद स्वतः साखळी लावतो. पण त्या सकाळी फिनलेच्या अंथरुणात एकही कोरडी चादर उरली नव्हती. डोलिनानं दोन चादरी धुतल्या आणि घरामागच्या दोरीवर टाकल्या. चर्चला जाणाऱ्या गाड्यांतून त्या दिसल्या. तोरमोद गाडीतून उतरला, काळा कोट घातलेला, आणि चिमटे काढून त्यानं त्या ओल्या चादरी स्वतः उतरवल्या. घडी केली. दारात ठेवल्या. "डोलिना," तो म्हणाला, "देवाचा वार आहे." मागे सात गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीत मी होते, आणि मी उतरले नाही. फिनले त्या दिवशी नुसत्या घोंगडीवर पडून राहिला आणि बुधवारी गेला.

डोलिना त्यावर कधी काही बोलली नाही. तीसुद्धा रविवार पाळणारी बाई, त्यामुळे तोंड उघडायला तिला जागाच नव्हती. अपमान गिळणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी आम्ही दोघी चिखलाच्या बुटांनीच तोरमोदच्या अंगणात गेलो. तो मेंढरांना औषध पाजत होता. मेंढी दोन मांड्यांत धरलेली, एक हात तिच्या जबड्यात.

"तोरमोद, माझ्या पाकिटाचं काय केलंस?"

"कुठलं पाकीट?"

"मार्चमधलं. कचेरीचं."

"दरवर्षीसारखं केलं असेल. का गं?"

तिनं पत्र त्याच्यासमोर धरलं. त्यानं ते वाचलं आणि मेंढीला सोडलं. ती खोकत पळाली. "कचेरीवाल्यांचा घोळ," तो म्हणाला. "तिथं बसलेल्या पोरांना मेंढी आणि बकरी कळत नाही. मी असला अर्ज केलेला नाही."

"मग नाव रॉडीचंच कसं आलं?"

"ते त्यांना विचार." मग त्यानं आवाज मऊ केला, आणि मला तोच जास्त झोंबला. "आणि खरं सांगू का डोलिना? तुला मूल नाही, बाळ नाही. तुझी वरची कुंपणं पडलीत. आज ना उद्या कोणाला तरी द्यावीच लागेल. घरातल्या घरात राहिली तर फिनलेलाही बरं वाटेल."

"फिनलेला काय बरं वाटतं ते तुला फार कळतं," डोलिना म्हणाली. आम्ही निघालो. वाटेत तिनं मला एकच सांगितलं, "मर्डिना, हा माणूस मला गुडघ्यावर हवाय. जमीन मिळेल न मिळेल, पण हा गुडघ्यावर हवाय."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

*

मंगळवारी आणि शनिवारी गावच्या हॉलमध्ये सूप असतं. डोंगरावर आमच्या तीन पवनचक्क्या आहेत, गावाच्या मालकीच्या. त्यांच्या उत्पन्नातून मंडळ हा सगळा कारभार चालवतं. म्हाताऱ्यांना गरम जेवण, एकट्या राहणाऱ्यांची विचारपूस, सरकारी मदतीचे अर्ज, फोन शिकवणं. या सगळ्याला मिळून एक मार्सली. पूर्वी ती बँकेच्या फिरत्या गाडीवर होती. बँकेनं गाडी बंद केली आणि मंडळानं मार्सलीला ठेवून घेतलं. सूप ढवळता ढवळता ती रक्तदाब मोजते.

तोरमोदला हे खपत नसे. अध्यक्ष असूनही तो म्हणे, म्हाताऱ्या बायकांना काचेला गुदगुल्या करायला शिकवण्यात गावाचा वारा फुकट चाललाय. एकदा त्यानं पवनचक्क्याच रविवारी बंद ठेवायचा ठराव आणला होता. तीन मतांनी पडला.

मार्सलीनं पत्र वाचलं आणि कचेरीला फोन लावला. अर्धा तास गाणं ऐकल्यावर कोणीतरी बोललं. अर्ज योग्य आकडा घालून आलाय, म्हणजे कचेरीच्या लेखी तो डोलिनानंच केलाय, आणि स्वतःच्याच अर्जाला हरकत घेता येत नाही. दुसऱ्यानं केला असेल तर त्यानं तसं स्वतःहून, तीस जूनच्या आत, लेखी कळवावं. मग अर्ज रद्द.

"पोलिसांत जाऊया," मार्सली म्हणाली.

"पोलिसांना तो सांगेल, मी केला नाही. वर्ष जाईल. तोवर रॉडी माझ्या चुलीपाशी बसलेला असेल." डोलिनानं वाटी बाजूला सारली आणि हॉलचा टॅब पुढे ओढला. "मला हे यंत्र शिकव. पुन्हा माझ्या कामात दुसऱ्याचं बोट नको."

शिकणं सोपं नव्हतं. मेंढरांचं औषध आणि पीट यांनी तिची बोटं अशी झाली होती की काच त्यांना ओळखेचना. ती दाबे, आणि काही होत नसे. मार्सलीनं तिला मलमाची डबी दिली. ते ती संध्याकाळी हातांना चोळून मोजे घालून बसायची. आठवड्याभरात उजव्या हाताचं मधलं बोट चालू लागलं. एका मंगळवारी तोरमोद मंडळाच्या कामाला आला, तिच्या खांद्यावरून डोकावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय डोलिना, बाराखडी कुठवर आली?" दोघे-तिघे हसले. डोलिना मान खाली घालून बोट घासत राहिली. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

जूनच्या सुरुवातीला तिनं स्वतःच्या बोटानं स्वतःचं खातं उघडलं आणि तो अर्ज बाहेर काढला. मार्सलीनं छापून दिला. आम्ही तिघी टेबलावर वाकलो. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत होतं, पाठवल्याची तारीख नऊ मार्च, रविवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं.

"रविवार!" मी ओरडलेच. "अगं, रविवारी केलं त्यानं!"

मार्सलीनं मान हलवली. "नाही मर्डिना. तेव्हाचं वादळ आठवतं? शुक्रवारपासून इंटरनेटची लाइन नव्हती. लाइन नसली की हे यंत्र अर्ज धरून ठेवतं आणि लाइन आली की सोडतं. मी शनिवारी पेगीचा अर्ज भरला होता, त्यावरही हेच, रविवार दोन वीस. त्यानं आदल्या दिवशीच दाबलं असणार."

मी हिरमुसले. डोलिनानं मात्र त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, "हे त्याला माहीत आहे?"

"काय?"

"कागदावर रविवार आहे हे."

"त्याला कसं असेल? हा कागद फक्त तुझ्या खात्यात दिसतो."

डोलिनानं कागद घडी करून एप्रनच्या खिशात टाकला, त्या पत्राशेजारी. "मार्सली, पोरी," ती म्हणाली, "सभेपर्यंत तोंड उघडू नकोस. नंतर वाटेल तेवढं खरं बोल."

मार्सलीनं माझ्याकडे पाहिलं. मी सूप वाढायला उठले.

*

मंडळाची वार्षिक सभा जूनच्या शेवटच्या गुरुवारी असते. हॉल भरला होता. मेंढरं कातरून सगळे आलेले, लोकरीच्या तेलाचा वास सगळ्यांच्या हातांना. समोर टेबलामागे तोरमोद, शेजारी चर्चच्या वडीलमंडळींत वयानं सगळ्यांत मोठे केनेथ, आणि इतिवृत्त लिहायला शाळेच्या बाई. पहिल्या रांगेत तोरमोदची बायको एफी, हातमोजे घालून.

तोरमोदनं विषय वाचला. हॉलमधलं काम यंदा बंद करावं आणि तो पैसा चर्चपुढच्या गाड्यांच्या जागेत डांबर घालायला वापरावा. कोणाला काही बोलायचंय?

डोलिना उठली. तिनं फिनलेचं जाकीट घातलं होतं.

"मला बोलायचंय. या हॉलमध्ये मी काय शिकले ते सांगते. पण आधी तोरमोद, तूच सांग. माझ्या नावानं जमीन सोडायचा अर्ज गेला, तो तू केलास?"

"तो आजचा विषय नाही."

"हो की नाही?"

त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. "सगळ्यांसमोर सांगतो. त्या अर्जाला माझा हात लागलेला नाही. कचेरीचा घोळ आहे."

"बाई, लिहून घ्या," डोलिना शाळेच्या बाईंना म्हणाली आणि खिशातून कागद काढला. चष्मा लावला. सावकाश वाचलं. "अर्ज पाठवला, नऊ मार्च, रविवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं."

हॉलमध्ये कोणीतरी श्वास आत ओढला. मी सांगते, जमिनीच्या पत्राची बातमी महिनाभर गावात फिरत होती, पण असा श्वास कोणी ओढला नव्हता.

"पाकिटातला आकडा घालून गेलाय," डोलिना म्हणाली. "पाकीट तोरमोदच्या घरी होतं. त्या रविवारी वादळामुळे प्रार्थना झाली नाही, सगळे आपापल्या घरी होते. तोरमोदचा हात लागला नाही म्हणतो, मी मानते. मग त्या घरात रविवारी दुपारी फोन घेऊन दुसरं कोण बसलं होतं? एफी, तू का गं?"

एफी उभी राहिली. "मी? मी दिवसभर बायबल घेऊन बसले होते! तोरमोद, सांग की यांना!"

केनेथनी टेबलावरचा हात उचलला. ऐंशीच्या पुढचा माणूस, आवाज अगदी हळू. "तोरमोद. देवाच्या वारी? तुझ्या घरात?"

तोरमोदचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. चाळीस वर्षं ज्यानं मुलांच्या झोपाळ्यांना साखळ्या लावल्या, त्याच्याकडे सगळा गाव रविवार मोडणाऱ्याकडे बघावं तसा बघत होता. तो उठला आणि त्याची खुर्ची मागे पडली.

"खोटं आहे! साफ खोटं! शनिवारी! शनिवारी चारच्या चहाच्या आधी दाबलं मी ते बटण, या बोटानं—"

बोट वर होतं. तिथंच राहिलं.

एफी हळूच खाली बसली आणि तिनं हातमोजे काढायला सुरुवात केली. माझ्या छातीत असा आनंद दाटला की मला खाली बघावं लागलं.

तोरमोदची नजर मार्सलीवर गेली. "तू सांग त्यांना. लाइन बंद होती ना? तुला माहीत आहे!"

मार्सलीनं डोलिनाकडे पाहिलं.

"सांग पोरी," डोलिना म्हणाली. "लाइन बंद होती. शनिवारीच दाबलं त्यानं. त्याच्यावर खोटा आळ नको. बाई, लिहा. शनिवार, चारच्या चहाच्या आधी, तोरमोदनं, स्वतःच्या बोटानं."

शाळेच्या बाईंनी लिहिलं. पेनाचा आवाज मला मागच्या रांगेत ऐकू आला. डांबराचा विषय पुढे निघाला नाही. बाहेर पडताना लोक दारात घोळका करून बोलत होते आणि मी कान दिला. शनिवार की रविवार, यावरच चाललं होतं. डोलिनाच्या जमिनीबद्दल एकजण बोलत नव्हता. माझा गाव आहे, पण त्या क्षणी मला सगळ्यांना चरात उभं करून वरून चिखल टाकावासा वाटला.

*

तीस जून सोमवारी होता. म्हणून शनिवारी, सुपाच्या वेळी, तोरमोद हॉलमध्ये आला. केनेथनी त्याला पाठवलं होतं असं म्हणतात. टोपी हातात. टेबलाभोवती आम्ही तेरा जण होतो आणि कोणीही वाटीतून मान वर काढली नाही, पण चमचे थांबले.

"कागद तयार असेल तर सही करतो," तो म्हणाला.

"कागद नाही चालत आता," डोलिना म्हणाली. "तूच तर सांगायचास, सगळं यंत्रावर आलंय. बस."

तिनं हॉलचं यंत्र त्याच्यासमोर सरकवलं आणि शेजारी विणकाम घेऊन बसली. ती सांगणार, तो लिहिणार. मी, तोरमोद. डोलिनाचं पाकीट उघडून. तिला न विचारता.

"'न विचारता' घालायलाच हवं?"

"हवं."

एका बोटानं तो अक्षर अक्षर शोधत होता. त्याचीही बोटं मेंढरांच्या औषधानं फुटलेली. काच त्यांना दाद देईना. दाबायचा, काही व्हायचं नाही, पुन्हा दाबायचा. कपाळावर घाम आला. मार्सली उठायला लागली. डोलिनानं डोळ्यांनीच तिला बसवलं. मलमाची डबी टेबलावरच होती. तीही तिनं पुढे केली नाही.

"माझ्या मुलाच्या नावावर करण्यासाठी हा अर्ज केला," डोलिना म्हणाली. त्यानं ते लिहिलं. "आता लिही, फिनले मरायला टेकला असताना मी त्याच्या बायकोच्या ओल्या चादरी दोरीवरून उतरवल्या."

त्याचं बोट थांबलं. "कचेरीला चादरीशी काय करायचंय?"

"कचेरीला काही नाही. तुला लिहायचंय."

बाहेर पाऊस धरला होता. तोरमोदनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा केनेथकडे. ते आपला पाव मोडत होते. मग त्यानं लिहिलं. चादर लिहायला त्याला फार वेळ लागला. लिहिताना त्याचे ओठ हलत होते, आणि मी ते सगळं नजर न हलवता पाहिलं, कारण त्या रविवारी मी गाडीतून उतरले नव्हते.

"आता दाब," डोलिना म्हणाली.

त्यानं दाबलं. काचेवर छोटं वर्तुळ फिरू लागलं. पावसात आमची लाइन अशीच रेंगाळते. एक मिनिट, दोन मिनिटं. तो त्यावरून नजर काढेना.

"जात नाहीये," तो म्हणाला.

"घाई कसली? आज नाही गेलं तर उद्या जाईल."

उद्या रविवार होता. तोरमोदच्या तोंडचं पाणी पळालं. चादरीच्या ओळीसकट, त्याच्या सहीसकट, खाली रविवारची तारीख. त्यानं यंत्र दोन्ही हातांनी धरलं, थंडीत मेंढीचं पिल्लू धरतात तसं, आणि खिडकीपाशी नेलं, परत आणलं. वर्तुळ फिरत होतं.

तेवढ्यात डोलिनाच्या एप्रनच्या खिशात तिचा फोन दोनदा थरथरला. मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते, म्हणून मला कळलं. तिनं टेबलाखाली फोन काढला आणि ते मधलं बोट फिरवलं. मलाही वाचता आलं. अर्ज मागे घेतल्याचे निवेदन मिळाले. शनिवार, एक वाजून चाळीस मिनिटं. आपला ताबा कायम.

तिनं फोन परत खिशात टाकला आणि सुया उचलल्या.

"अजून फिरतंय का रे?" तिनं विचारलं.

"फिरतंय," तोरमोद म्हणाला. त्याच्या आवाजात कधी नव्हे ती विनवणी होती.

"मग बस," डोलिना म्हणाली, आणि टाके मोजू लागली.